कुत्र्याची शाळा चोवीस तास

खास प्रतिनिधी

शहरांतील सदनिकांमध्ये कुत्रा पाळणाऱ्या अनेक कुटुंबांची कहाणी एकाच क्रमाने पुढे सरकते. दोन महिन्यांचे पिल्लू घरी येते. पहिले काही आठवडे कौतुकात जातात. पिल्लू सहा-आठ महिन्यांचे झाले की त्याचे दात, आवाज आणि ताकद घराला जाणवू लागते. चपला फाटतात, पाहुण्यांच्या अंगावर उड्या पडतात, लिफ्टमध्ये शेजाऱ्यांची मुले घाबरतात आणि सोसायटीच्या कार्यालयात तक्रार जाते. मग प्रशिक्षकाची शोधाशोध सुरू होते. आठवड्यातून दोन-तीन दिवस तासभर येणाऱ्या प्रशिक्षकासमोर कुत्रा शहाण्यासारखा वागतो. त्याची पाठ वळताच पुन्हा मूळपदावर येतो. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच, असे म्हणून घरचे लोक हात टेकतात. कुत्र्याच्या वाट्याला गॅलरीतील साखळी येते. कधी त्याची रवानगी कोणाच्या तरी शेतावर होते, तर कधी त्याला सरळ रस्त्यावर सोडले जाते.

यात शेपटाचा दोष नाही. प्रशिक्षकाचा तास संपला तरी कुत्र्याचे शिकणे संपत नाही. दाराची बेल वाजते, कुकरची शिट्टी होते, कोणी फ्रीज उघडतो, कोणी पायात चप्पल सरकवतो; या प्रत्येक घटनेतून तो काहीतरी शिकतच असतो. आठवड्यातील तीन तास एक धडा आणि उरलेले एकशे पासष्ट तास त्याच्या उलट धडा मिळत असेल, तर कोणता धडा पक्का होणार हे उघड आहे. म्हणूनच श्वानप्रशिक्षण हा शिकवणीचा विषय न राहता घराच्या रोजच्या व्यवहाराचा भाग झाला पाहिजे, यावर आजचे प्राणिवर्तनतज्ज्ञ भर देतात.

कुत्रा शिकतो कसा?

या विषयाची शास्त्रीय बैठक शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे. पचनक्रियेवरील संशोधनासाठी १९०४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळवणारे रशियन शरीरशास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांनी दाखवून दिले, की अन्नाआधी ठरावीक आवाज वारंवार ऐकवला, तर पुढे केवळ त्या आवाजानेच कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते. पट्ट्याचा खणखणाट ऐकून कुत्रा दाराकडे धावतो आणि प्राण्यांच्या डॉक्टरांच्या जिन्यातच थरथरू लागतो, त्यामागे हेच तत्त्व आहे. एका गोष्टीची दुसरीशी गाठ पडते आणि ती सहजी सुटत नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक आणि त्यांच्यानंतर बी. एफ. स्किनर यांनी दुसरा नियम मांडला. ज्या कृतीचा परिणाम सुखद होतो ती कृती प्राणी पुन्हा करतो. जिच्यातून काहीच हाती लागत नाही ती हळूहळू सोडून देतो. स्किनर यांनी १९५१ मध्ये एका विज्ञान मासिकात लेख लिहून घरच्या कुत्र्याला या पद्धतीने कसे शिकवता येईल हे सामान्य वाचकांना सांगितले. ‘टिक’ असा आवाज करणारे साधे खेळणे घ्यावे, योग्य कृती होताच ते वाजवावे आणि लगेच खाऊ द्यावा, असे त्याचे सार होते. हवाईमध्ये डॉल्फिनना शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांचे १९८४ मधील पुस्तक आणि नंतरच्या काळात जगभर पसरलेले ‘क्लिकर’ प्रशिक्षण ही याच विचाराची पुढची पावले होत.

यात वेळेला फार महत्त्व आहे. शाबासकी कृतीनंतर एक-दोन सेकंदांत मिळाली तरच कुत्रा तिचा संबंध त्या कृतीशी जोडतो. कुत्रा बसला, मालक स्वयंपाकघरात गेला, डबा उघडून खाऊ घेऊन आला, तोवर कुत्रा उठून भुंकू लागलेला असतो. बक्षीस मिळते ते भुंकण्याला. शिक्षेचेही तसेच आहे. सकाळी फाडलेल्या उशीबद्दल संध्याकाळी रागावले, तर कुत्रा कान पाडून, अंग चोरून बसतो. त्याला अपराध कळला, असे घरच्यांना वाटते. तो घाबरलेला असतो समोरच्या चढलेल्या आवाजाला. सकाळच्या उशीशी त्याने त्याची सांगड घातलेली नसते.

धाकाची पद्धत कुठून आली?

कुत्र्याला आधी दरारा दाखवावा लागतो, ही समजूत अजूनही घट्ट आहे. तिचे एक मूळ लष्करी आणि पोलिसी प्रशिक्षणात आहे. जर्मनीत पोलिसी कुत्र्यांचे प्रशिक्षण विकसित करणारे कर्नल कोनराड मोस्ट यांचे १९१० मधील पुस्तक पुढची कित्येक दशके प्रमाण मानले गेले आणि त्यात सक्तीला मोठे स्थान होते. दुसरे मूळ लांडग्यांच्या अभ्यासात आहे. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयात एकत्र ठेवलेल्या लांडग्यांमधील वर्चस्वाच्या चढाओढीचे वर्णन केले. अमेरिकी संशोधक डेव्हिड मेक यांच्या १९७० मधील पुस्तकामुळे ‘कळपाचा म्होरक्या’ ही कल्पना घराघरांत पोहोचली. मालकाने आधी जेवावे, दारातून आधी बाहेर पडावे, कुत्र्याला उताणे पाडून दाबून धरावे, असे सल्ले त्यातूनच निघाले.

पुढे मेक यांनीच या समजुतीला छेद दिला. कॅनडाच्या उत्तर टोकाकडील एल्समेअर बेटावर त्यांनी अनेक उन्हाळे मोकळ्या लांडग्यांचे निरीक्षण केले आणि १९९९ मध्ये लिहिले, की निसर्गातील कळप म्हणजे बहुधा आई-वडील आणि त्यांची पिल्ले असे कुटुंब असते. तिथे आई-वडील पुढाकार घेतात ते पालक म्हणून; मारामारी करून मिळवलेले ते पद नसते. ज्या पायावर धाकाची इमारत उभी होती, तो पायाच अशा रीतीने खचला.

धाकाचे परिणामही मोजले गेले आहेत. पोर्तुगालमधील संशोधकांनी २०२० मध्ये सात प्रशिक्षण शाळांतील ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. झटके, ओरडा आणि वेदना यांवर भर देणाऱ्या शाळांतील कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणे अधिक दिसली आणि त्यांच्या लाळेतील कॉर्टिसोल हे संप्रेरक प्रशिक्षणानंतर अधिक वाढलेले आढळले. अमेरिकेतील पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये भूमिका जाहीर करून बक्षिसावर आधारित पद्धतीच वापराव्यात, असे स्पष्ट सांगितले. आक्रमक कुत्र्यांबाबतही हाच सल्ला आहे. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणे बंद करतो, पण त्याची भीती तशीच राहते. पुढच्या वेळी तो पूर्वसूचना न देता चावतो आणि बऱ्याचदा त्याच्या समोर घरातले लहान मूल असते.

मुंबई पोलिसांच्या श्वानपथकातील ‘जंजीर’ या लॅब्रेडॉरचे नाव अनेकांना आठवत असेल. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतरच्या काळात त्याने मोठ्या प्रमाणावर स्फोटके शोधून दिली आणि नोव्हेंबर २००० मध्ये तो मरण पावला तेव्हा त्याला मानवंदना देऊन निरोप देण्यात आला. अशा शोधक कुत्र्यांच्या प्रशिक्षणात वास सापडताच आवडीचा चेंडू किंवा खेळ मिळणे हे मुख्य सूत्र असते. कुत्र्याच्या लेखी तो खेळच असतो. शिवाय प्रत्येक कुत्र्याची जबाबदारी ठरावीक हस्तकाकडे असते आणि सराव रोज असतो. घराने पथकाकडून घ्यावी ती हीच गोष्ट.

पोळीच्या एका तुकड्याची किंमत

घरचा धडा सर्वांत जास्त बिघडतो तो जेवणाच्या टेबलापाशी. कुत्रा शेजारी बसून केविलवाणे पाहतो. त्याला नऊ वेळा ‘जा’ म्हणून हाकलले जाते. दहाव्या वेळी आजोबा हळूच पोळीचा तुकडा टाकतात. एका तुकड्याने काय बिघडणार, असे त्यांना वाटते.

स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विस्तृत प्रयोगांनी याचे उत्तर दिले आहे. दर वेळी मिळणारे बक्षीस थांबले की प्राणी लवकर आशा सोडतो. बक्षीस अधूनमधून, केव्हा मिळेल याचा नेम नसताना मिळत गेले, की तीच कृती विलक्षण चिवट होते. लॉटरीचे तिकीट घेणारा माणूस शंभर वेळा हरूनही पुन्हा तिकीट घेतो, त्यातलाच हा प्रकार. दहाव्या वेळचा तुकडा कुत्र्याला शिकवतो तो चिकाटीचा धडा: नऊ नकारांनंतर पोळी येते.

ही सवय मोडायला घेतली, की सुरुवातीला ती वाढल्यासारखी वाटते. रोज भुंकून तुकडा मिळवणारा कुत्रा, तुकडा बंद होताच आणखी जोरात भुंकतो, पंजा मारतो, खुर्चीवर चढू पाहतो. नेमक्या याच वेळी बहुतेक घरे माघार घेतात आणि कुत्रा शिकतो, की अधिक जोर लावल्यास काम होते. घरातील एकानेही नियम मोडला नाही, तर हा जोर बहुधा काही दिवसांत ओसरतो. त्यासाठी कुत्र्याला नुसते ‘नाही’ न सांगता पर्यायी काम द्यावे. जेवणाच्या वेळी त्याची सतरंजी ठरावीक कोपऱ्यात अंथरावी आणि तो तिथे शांत बसला, की त्याचा खाऊ तिथेच नेऊन द्यावा. आजोबांच्या हातून द्यावयाचा तुकडाही सतरंजीवरच पडला, तर कोणाचे मनही मोडत नाही.

एक शब्द, एक अर्थ

मराठी घरात कुत्र्यासमोर निदान दोन भाषा असतात. मुलगा ‘सिट’ म्हणतो, वडील ‘सिट डाऊन’ म्हणतात, आजी ‘बस खाली’ म्हणते आणि घरकामाला येणाऱ्या मावशी ‘गप बस’ म्हणतात. कुत्र्याला शब्दकोश ठाऊक नसतो; त्याला ध्वनी ओळखायचे असतात. त्यात ‘बस’ आणि ‘बास’ हे कानाला जवळजवळ सारखे शब्द. एकाचा अर्थ खाली टेकणे, दुसऱ्याचा चालले आहे ते थांबवणे. सोफ्यावरून उतरण्यासाठी ‘खाली’ आणि जमिनीवर आडवे होण्यासाठीही ‘खाली’ म्हटले, तर गोंधळ ठरलेलाच.

सर्वांत मोठा घोटाळा ‘ये’ आणि ‘ए’ यांचा. बोलावण्यासाठी ‘ये’ म्हणायचे आणि चप्पल तोंडात धरल्यावर त्याच स्वरात ‘ए!’ म्हणून ओरडायचे. आवाज जवळचा, एकाचा परिणाम खाऊ आणि दुसऱ्याचा दटावणी. अशा घरातला कुत्रा हाक मारल्यावर यायला कचरतो, आणि रस्त्यावर पट्टा हातातून निसटला की ही कचराई त्याच्या जिवावर बेतू शकते. जवळ बोलावण्याचा शब्द घरात जपून वापरावा. तो उच्चारून कधीही रागावू नये, औषध पाजू नये की आंघोळीला ओढू नये. अशा कामांसाठी मालकाने स्वतः कुत्र्याजवळ जावे.

यावर उपाय साधा आहे. घरातील सर्वांनी एकत्र बसून आठ-दहा शब्द ठरवावेत, ते कागदावर लिहून फ्रीजवर लावावेत आणि मावशींपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वांनी तेच वापरावेत. भाषा कोणतीही चालते. सूरही महत्त्वाचा असतो. बुडापेस्ट येथील संशोधकांनी १३ कुत्र्यांना स्कॅनरमध्ये स्थिर पडून राहायला शिकवले आणि २०१६ मध्ये निष्कर्ष मांडला, की कौतुकाचा शब्द कौतुकाच्याच सुरात उच्चारला तर कुत्र्याच्या मेंदूतील बक्षिसाशी निगडित भाग अधिक सक्रिय होतो. रागाच्या सुरातली ‘शाबास’ कुत्र्यापर्यंत पोहोचत नाही.

दिवसाच्या वेळापत्रकात प्रशिक्षण

नोकरी करणाऱ्या कुटुंबाकडे यासाठी वेगळा वेळ नसतो, ही तक्रार खरी आहे. मात्र कुत्र्याला हव्या असलेल्या गोष्टी दिवसातून अनेकदा मालकाच्याच हातून जातात. त्या प्रत्येक वेळी पाच सेकंदांचा धडा होऊ शकतो.

सकाळी फिरायला निघताना पट्टा हातात घेतला की कुत्रा नाचू लागतो. तो चारही पाय टेकून शांत उभा राहीपर्यंत पट्टा अडकवू नये. शांत झाला की बाहेर जायला मिळते, हेच बक्षीस. दार उघडताना तो झेपावला तर दार पुन्हा लावून घ्यावे. बसला तर उघडावे. लिफ्टसमोर दाराच्या बाजूला, पायाशी बसवण्याची सवय लावावी आणि आतील माणसे बाहेर पडल्यावरच आत न्यावे. लिफ्टमध्ये आधीच कोणी कुत्र्याला घाबरणारे असेल, तर पुढच्या फेरीची वाट पाहावी. त्या अर्ध्या मिनिटात कुत्र्याला ‘थांब’चा सराव होतो आणि शेजाऱ्यांचा विश्वासही मिळतो.

रस्त्यावर पट्टा ताणला की थांबावे, सैल झाला की चालावे. पहिले काही दिवस कोपऱ्यापर्यंत पोहोचायलाही वेळ लागतो. पण ओढत नेल्याने पुढे जाता येते हा धडा एकदा पक्का झाला, तर पुढे दहा-बारा वर्षे खांदा दुखत राहतो. चालताना कुत्र्याला हुंगू द्यावे. त्याच्या नाकाला मिळालेले काम त्याला पायांच्या व्यायामाइतकेच थकवते आणि थकलेला कुत्रा सोफा कुरतडत नाही.

खाण्याचे भांडे खाली ठेवण्याआधी क्षणभर बसायला लावावे. दाराची बेल वाजली की सतरंजीवर जायचे, हे घरातल्याच कोणाला तरी बाहेर पाठवून, बेल वाजवायला लावून शिकवता येते. अंगावर उडी मारणाऱ्या कुत्र्याला ढकलू नये, ओरडू नये. त्याला तोही खेळ वाटतो. पाठ फिरवावी आणि चारही पाय जमिनीवर टेकले की कौतुक करावे. हा नियम पाहुण्यांनाही दारातच सांगावा.

नवी गोष्ट शिकवण्यासाठी मात्र तासभर बसण्याची गरज नाही. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०११ मध्ये ४४ बीगल कुत्र्यांवरील प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. आठवड्यातून एक-दोनदा आणि थोडाच वेळ शिकवलेल्या कुत्र्यांना, रोज आणि दीर्घकाळ शिकवलेल्यांपेक्षा तेच काम कमी पाठांत जमले. तात्पर्य, नवा धडा छोटा असावा आणि मध्ये विश्रांती असावी. शिकलेल्या धड्याला सराव मात्र दिवसभराच्या प्रसंगांतून मिळावा.

बक्षिसाचा खाऊ हरभऱ्याच्या दाण्याएवढा पुरतो. बिनमिठाचे उकडलेले कोंबडीचे मांस, पनीर, गाजर किंवा काकडीचे तुकडे चालतात. दिवसाच्या एकूण आहाराच्या दहा टक्क्यांहून अधिक भाग खाऊचा नसावा. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षे आणि मनुका कुत्र्यांना विषारी असतात. त्यामुळे शिरा किंवा पुलावातला घास प्रेमानेही देऊ नये.

पहिले तीन महिने

अमेरिकेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षे पिल्लांचा अभ्यास करून १९६५ मध्ये दाखवले, की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू माणसे, प्राणी आणि आवाज यांच्याशी सहज सलगी करते. या काळात जे दिसत नाही, त्याची भीती पुढे राहू शकते. भारतात २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. म्हणजे पिल्लू घरी आल्यावर या खिडकीतले जेमतेम महिनाभर उरलेले असतात.

अडचण अशी, की लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लू जमिनीवर फिरवले तर पार्व्होसारख्या प्राणघातक रोगाचा धोका असतो. यातला मध्यममार्ग म्हणजे पिल्लाला कडेवर किंवा कापडी पिशवीत घेऊन फिरवणे. छत्री घेतलेली माणसे, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, काठी टेकणारे आजोबा, शाळेची बस, भाजीची गाडी हे सारे त्याला सुरक्षित अंतरावरून आणि खाऊ खाता खाता पाहू द्यावे. लसीकरण झालेल्या, निरोगी कुत्र्यांशी घरात भेट घडवावी. लसींचे वेळापत्रक डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

शी-शूची शिस्तही याच वयातली. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर पिल्लाला ठरलेल्या जागी न्यावे आणि काम होताच तिथेच खाऊ द्यावा. घरात घाण झाली तर नाक घासणे हा निव्वळ क्रूरपणा आहे. त्यातून पिल्लू एवढेच शिकते, की माणसासमोर शू करू नये. मग ते सोफ्यामागे जाऊन करते.

फटाके आणि ढोल-ताशे यांची तयारीही आधीच करावी लागते. गणपतीच्या दीड-दोन महिने आधीपासून हे आवाज अगदी बारीक करून ऐकवावेत, सोबत खाऊ द्यावा आणि कुत्रा निर्धास्त दिसला तरच आवाज थोडा वाढवावा. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतल्याने भीती वाढते, हा गैरसमज आहे. भीती ही भावना आहे. धीर दिल्याने ती बळावत नाही.

कायदा आणि सोसायटी

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा केवळ मारहाणीपुरता नाही. आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे, सतत बांधलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे आणि पाळलेला प्राणी विनाकारण सोडून देणे यांचाही त्यात क्रूरतेत समावेश आहे. दुसरीकडे, आपल्या प्राण्यापासून माणसांना इजा होऊ नये याची काळजी न घेणाऱ्या मालकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. त्याच सूचनांत मालकांनी शेजाऱ्यांना उपद्रव होऊ न देण्याची आणि स्वच्छता राखण्याची अपेक्षाही आहे. महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस हे त्याआधीचे कर्तव्य.

सोसायटीच्या बैठकीत नियमांचे कागद पुढे करण्याची वेळ बहुधा तेव्हाच येते, जेव्हा जिन्यात आणि लिफ्टमध्ये रोजची शिस्त दिसत नाही.

मदत केव्हा घ्यावी?

एरवी शांत असलेला कुत्रा अचानक चिडका झाला, घरात घाण करू लागला किंवा हात लावू देईना, तर आधी प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवावे. कानदुखी, सांधेदुखी किंवा मूत्रमार्गाचा विकार यांमुळेही वागणे बदलते. कोणाला चावलेल्या किंवा एकटे राहताच स्वतःला इजा करून घेणाऱ्या कुत्र्यासाठी अनुभवी वर्तनतज्ज्ञाचा सल्ला आवश्यक आहे.

प्रशिक्षक निवडताना त्याची पद्धत विचारावी आणि त्याचा एखादा वर्ग प्रत्यक्ष पाहावा. घरच्यांना बाहेर थांबायला सांगणारा, गळा आवळणारी साखळी किंवा विजेचा पट्टा वापरणारा प्रशिक्षक टाळावा. कुत्र्याला महिनाभर बाहेर ठेवून ‘तयार’ करून आणण्यानेही फारसे साधत नाही. तिथले नियम तो तिथल्या माणसांशी आणि जागेशी जोडतो. चांगला प्रशिक्षक तासातील बराच वेळ घरच्या माणसांना शिकवण्यात घालवतो.

वय झालेला कुत्राही शिकतो, रस्त्यावरून आणलेला देशी कुत्राही शिकतो. जातिवंत पिल्लाइतकाच तोही घरातल्या माणसांकडे दिवसभर लक्ष ठेवून असतो. पट्टा कोण उचलते, डबा कोण उघडते आणि दहाव्या वेळी कोण विरघळते, हे त्याला पहिल्याच आठवड्यात ठाऊक झालेले असते. त्याच्या या अभ्यासाला घराने एकमुखी उत्तर दिले, तर गॅलरीतल्या साखळीची वेळ सहसा येत नाही.